चंदेरी टिकली

सोमवार, ४ एप्रिल २०१६. उदगीर.

पोचले एकदाची. देवणीहून दादाच्या दोस्ताच्या पिकअपमध्ये आलो. मला खुर्चीसकट मागं बांधलं होतं आणि शेजारी पाण्याची तीन रिकामी पिंपं. वाटेत कुणी विचारलं असतं तर चौथं पिंप म्हणून सांगितलं असतं. दादाला म्हटलं तर तो हसला नाही. मला सोडून ऊन वाढायच्या आत परत फिरला. सहा वर्षं मला उचलून त्याची कंबर गेलीय, त्याला नावं कशाला ठेवू.

हे सगळं मी स्वतः लिहून राहिले, कपाळानं. कडब्याच्या गाडीवरून मानेवर पडले त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून मानेच्या खालचं काही माझं ऐकत नाही. डॉक्टर म्हणाले होते, मान सांभाळा, तेवढीच राहिलीय. सहा वर्षं दादाच्या मागच्या खोलीत खाटेवर पडून मी तेवढीच सांभाळली. कागदावर एक अक्षर काढलं नव्हतं, आणि एकेकाळी मी शाळेत फळा लिहायचे.

इथं कॉम्प्युटरच्या पडद्यावर वरच्या बाजूला बारका कॅमेरा आहे. कपाळावर शर्टाच्या बटणाएवढी चंदेरी टिकली लावायची. मान वळेल तिकडे पडद्यावरचा बाण जातो. एखाद्या अक्षरावर बाण दीड सेकंद थांबला की ते अक्षर उमटतं. म्हणजे न हलणं हेच दाबणं. हलेपर्यंत ते पुन्हा पुन्हा दाबतच राहतं. म्हणून उजव्या हाताला खालच्या कोपऱ्यात 'विसावा' नावाचा चौकोन ठेवलाय. दमलं की बाण तिथं नेऊन ठेवायचा, तिथं काहीच दाबलं जात नाही.

न हलण्यात माझा हात कोण धरणार. सहा वर्षांची तालीम आहे.

बुधवार, ६ एप्रिल.

काम सोपं आहे. एका संस्थेनं दुष्काळात टँकर पाठवायचं केंद्र उघडलंय. गावोगावचे ग्रामसेवक मोबाईलवरून मेसेज करतात. मी यादीतून गाव निवडते, गाडी निवडते आणि 'पाठवा'वर बाण थांबवते. तिकडे ड्रायव्हरच्या फोनवर टिंग वाजतं. तोंडानं बोलायची गरज नाही. काल एकतीस खेपा पाठवल्या. पंचाक्षरी सर संस्थेचं इथलं सगळं बघतात, ते म्हणाले की नव्या माणसाला इतकं जमत नसतं.

इमारतीचं नाव जिल्हा कॉम्प्लेक्स. उदगीर जिल्हा होणार, मग कचेऱ्या येणार, वकील येणार, झेरॉक्सवाले येणार म्हणून एका व्यापाऱ्यानं चाळीस गाळे बांधून ठेवले. जिल्हा काही आला नाही. एकोणचाळीस शटर बंद आणि एका गाळ्यात आम्ही. मागच्या खोलीत माझी राहायची सोय.

माझं खाणं, धुणं, उठणं-बसणं बघायला गुरम्मा आहेत. साठीच्या, उंच, हाडाच्या मजबूत. मला एकट्या उचलतात. सगळे त्यांना अव्वा म्हणतात, मीही म्हणते. मला त्या जगू म्हणतात. सकाळी आंघोळ घालून आधी माझ्या कपाळाला विभूतीचे तीन पट्टे ओढतात आणि मग मधोमध टिकली दाबतात. विभूतीवर टिकली नीट चिकटत नाही असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांना ठावं हाय, पण कोऱ्या कपाळाला मशीन लावायचं न्हाई.

शुक्रवार, ८ एप्रिल.

पाडवा. तरी केंद्र चालूच. तहान काही सुट्टी घेत नाही.

अव्वांनी कडुनिंबाची चटणी भरवली. मग माझ्या गळ्यातलं इष्टलिंग काढून स्वतःच्या डाव्या तळहातावर धरलं आणि तो हात माझ्या डोळ्यांसमोर आणला. सहा वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं. आम्हा लिंगायतांत ज्यानं त्यानं आपल्या तळहातावर लिंग घेऊन पूजा करायची असते. मला घेता येत नाही म्हणून घरच्यांनी तो विषयच सोडून दिला होता. मला फार बरं वाटलं, आणि ते मी अव्वांना सांगितलंही.

त्या म्हणाल्या, विरूपाक्षाला पण असंच करत होते.

विरूपाक्ष त्यांचा मुलगा. माझ्या आधी या खुर्चीवर तोच होता. विहिरीत पडून मान मोडलेला. ही खुर्ची, हा कॅमेरा सगळं त्याचंच, एवढंच काय प्रोग्राममध्ये नावसुद्धा त्याचंच आहे. सकाळी मशीन चालू केलं की 'नमस्कार विरूपाक्ष' येतं. लातूरहून मशीन बघायला येणारे शिवमूर्ती म्हणाले, ते पुसू नका, तीन वर्षं त्याची मान शिकून तयार झालंय, आयतं मिळालंय तर वापरा.

शिवरात्रीच्या आदल्या आठवड्यात तो गेला. भर दुपारी, काम करता करता. खुर्चीला डोक्यामागं टेकू आहे, त्यामुळे डोकं ताठच राहिलं. तासभर कुणाला कळलं नाही, कारण काम चालू होतं. बाण 'पाठवा'वर थांबलेला. अकरा टँकर एकाच गावाला गेले. बाराव्या ड्रायव्हरनं फोन करून विचारलं तेव्हा कळलं.

हे सांगताना अव्वा वाटीतली चटणी बोटानं पुसून घेत होत्या. मीही ऐकून घेतलं. आपल्यासारख्यांना रडायला बी दुसऱ्यानं डोळे पुसावे लागतात, म्हणून सवय मोडते.

सोमवार, ११ एप्रिल.

लातूरला रेल्वेनं पाणी येणार आहे. सगळीकडे तीच चर्चा. अव्वांना हसू आलं, पाण्याला तिकीट लागतं का म्हणून विचारत होत्या.

आज जेवताना गंमत झाली. अव्वांनी ओल्या फडक्यानं माझं तोंड पुसलं आणि टिकली निघाली. टिकली नसली की बाण दिसेनासा होतो. आज झाला नाही. पडद्याच्या मधोमध उभा राहिला. मी मान हलवून बघितली. तो हलेना.

शिवमूर्तींना अव्वांकरवी फोन लावला. ते म्हणाले, कॅमेऱ्यासमोर काहीतरी चमकतंय, स्टीलचा तांब्या, खिडकीचं ऊन, बघा. तांब्या उचलला, खिडकीला पोतं लावलं. बाण तिथंच. मग अव्वांनी कॅमेऱ्यावर फडकं टाकलं.

तरी बाण होताच.

मशीन आहे, उन्हानं तापलं असेल. माणसांची डोकी फिरायलीत, त्याचं काय घेऊन बसलात.

बुधवार, १३ एप्रिल.

सरांकडून बोलणी खाल्ली. आज दोन टँकर कळमगावला गेले. कळमगावातून मेसेज आला नव्हता. मी ते गाव निवडलं नव्हतं. मी तांड्यावर गाडी पाठवायला बाण नेत होते, तो वरच्या ओळीवर सरकला, थांबला, आणि झालं.

श्रीमंत नावाचा ड्रायव्हर दोन्ही खेपा घेऊन गेला. परत येऊन त्यानं सांगितलं की गावात कुत्रंसुद्धा न्हाई, समदे कारखान्यावर नाहीतर हैदराबादला गेलेत, घरांना कुलपं. पहिली खेप परत आणली. दुसऱ्या वेळी गावाबाहेर एका शेताच्या बांधाशी चाक फसलं, गाडी हलकी करायला त्यानं निम्मं पाणी तिथंच सोडलं. जमीन अशी भेगाळलेली की पाणी दिसलंच न्हाई म्हणे, गटागटा पिऊन टाकलं.

तिकडे तांड्यावर बाया तीन वाजेपर्यंत घागरी लावून उभ्या होत्या. सर म्हणाले, पुन्हा असं झालं तर देवणीला परत पाठवावं लागेल. ती खोली, ती खाट, वरच्या पत्र्याला पडलेली सात भोकं. मी सरांना सांगितलं की पुन्हा होणार नाही.

अव्वा कळमगावच्या. ते मला सरांकडून कळलं.

शुक्रवार, १५ एप्रिल.

बाणाला ओढून न्यावं लागतंय. मी डावीकडे मान केली की तो अर्धाच येतो. पाटीवर दोघांनी एक पेन्सिल धरावी तसं. मी जास्त वळते, मग तो येतो. संध्याकाळपर्यंत मानेला पेटके येतात. अव्वा तेल लावून रगडतात.

शिवमूर्तींना विचारलं, नव्या नावानं सुरू करू का. त्यांनी फोनवर पायऱ्या सांगितल्या. शेवटी 'विरूपाक्ष हे नाव पुसायचे का' आलं. 'होय'पर्यंत बाण नेला. दहादा नेला. कुणीतरी तो दीड सेकंद थांबू दिला नाही.

माझी मान थरथरत असेल असं शिवमूर्ती म्हणाले. माझी मान थरथरत नाही.

सोमवार, १८ एप्रिल.

आज जेवणाच्या वेळी अव्वांना पकडलं. रोज जेवताना त्या माझी टिकली पुसून काढतात, ते चुकून नसतं. काढतात आणि पडद्याकडे बघत बसतात. बाण उभा असतो, त्याच्याशी कानडीत काहीतरी बोलतात. मी विचारलं तेव्हा आधी टाळाटाळ केली. मग सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

आमच्यात माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून, बसलेला पुरतात, खड्ड्यात, विभूती आणि बेलाच्या पानांत. विरूपाक्षाला कळमगावच्या शेतात बसवलं. मूठ वळत नव्हती म्हणून लिंग तळहातावर ठेवून कापडानं बांधलं. आंघोळ घालणाऱ्या बायांनी कपाळ न पुसताच विभूती फासली, ढीगभर. आणि त्या विभूतीच्या खाली टिकली तशीच राहिली. सकाळी अव्वांनीच लावलेली. विभूतीवर टिकली चिकटत नाही, पण टिकलीवर विभूती चिकटते.

तिसऱ्या दिवशी टिकल्यांची डबी बघताना त्यांच्या ध्यानात आलं. कुणाला सांगितलं नाही. बसवलेल्या माणसाला उघडत नसतात. म्हणजे तो खुर्चीत बसायचा तसाच तिथं बसलाय, टिकली लावून, काडीइतकाही न हलता. न हलणं म्हणजे दाबणं.

मला हसू आलं. खरंच आलं. मग मी म्हटलं, उघडून टिकली काढून घ्या. अव्वा म्हणाल्या, लेकरू हाय माझं. तेवढाच दिसतोय. तुझं काय जातंय त्यात, तो तुझं कामच करून राहिलाय की.

बुधवार, २० एप्रिल.

काम लई भराभर होतंय. काल चौसष्ट खेपा. मी नुसती बसते. बाण बरोबर गावावर, बरोबर गाडीवर. तांड्याला दोन जास्त मिळाल्या. सर खूश.

फक्त रोज एक खेप कळमगावला जाते. सरांच्या नजरेत आली नाही, एवढ्या खेपांत एक काय. त्या गाडीत श्रीमंतशेजारी अव्वा बसून जातात आणि शेतात पाणी सोडून येतात. अव्वा म्हणाल्या, माती वाळून दगड झाली होती, लेकराला मान हलवता येत न्हवती. आता ओल आहे. आता त्याला इकडंतिकडं बघता येतं.

बाण हल्ली जास्त हलतो, ते खरं आहे.

मला भीती वाटायला पाहिजे. वाटते, पण लांबून, शेजारच्या घरात रेडिओ लागावा तशी.

शुक्रवार, २२ एप्रिल.

आज बाण आधी हलला.

नीट लिहिते. रोज मी मान वळवते, मग बाण वळतो. आज बाण डावीकडे गेला आणि मग माझी मान डावीकडे गेली. मी वळवली नव्हती. बाण खाली आला, हनुवटी छातीला लागली. बाण वर, मान वर. सकाळी नऊपासून दीडपर्यंत असंच. ऐंशी खेपा.

अव्वांना सांगितलं. त्या म्हणाल्या, मग तुझी मान तरी दुखत नसेल आता.

दुखत नाही. ती माझी राहिली नाही तर कशाला दुखेल.

शनिवार, २३ एप्रिल.

टिकली काढायला लावली. तरी तेच. डोळे मिटले. तरी मान फिरतेच, यादीवर, गाडीवर, 'पाठवा'वर. दुपारी तो थांबतो. तेव्हा लिहायला मिळतं. तो जेवत असेल. त्याची जेवायची वेळ ही.

दादाचा फोन आला होता. सरांनी घेतला. बहीण हिरा आहे तुमची म्हणाले. दादा लई खूश झाला म्हणे. आता आगुटीपर्यंत, पाऊस लागेपर्यंत, यायची गरज नाही म्हणाला.

सोमवार, २५ एप्रिल.

युक्ती सुचली. मला त्याचं नाव पुसता येत नाही, पण सरांना गाव पुसता येतं. सर आले तेव्हा मी तोंडानं सांगितलं, कळमगावात माणूस नाही, ते यादीतून काढा, पाणी वाया चाललंय. त्यांनी तिथंच काढलं. मला शाबासकी दिली.

पाणी नाही तर ओल नाही. ओल नाही तर त्याला हलता येणार नाही. मग मान परत माझी.

अव्वा दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मला जेवू घातलं, तोंड पुसलं. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की हे करायचं न्हवतं, जगू.

मंगळवार, २६ एप्रिल.

त्रेचाळीस डिग्री. बाण मंद झालाय. बरं वाटलं.

दुपारी मान फिरवायला गेले. उजवीकडे जाईना. डावीकडे थोडी जाते — करकरते. ओली माती उन्हात धरते तशी —

मी चुकले. तो थांबला की मी सुटेन असं वाटलं होतं. त्याच्याबरोबर मी पण

बुधवार, २७ एप्रिल.

जबडा उघडत नाही. अव्वा चमच्यानं आंबील घालतात, निम्मी सांडते. बोलता येत नाही. सकाळी सर येऊन गेले. मी ताठ बसलेली — बाण 'पाठवा'वर — म्हणाले कामात आहे, त्रास देऊ नका.

आता एक शब्द लिहायला बराच वेळ लागतो. बाण बोटभर सरकतो. विसावा दिसतो. तिथं पोचत नाही.

अव्वा पडद्याशी बोलतात. त्याला म्हणतात, ऊन उतरेल. मला काही म्हणत नाहीत. माझ्या कपाळाला आज विभूती — लई लावली. पूर्ण कपाळभर —

गुरुवार, २८ एप्रिल.

सर वाचतील म्हणून. सर — कळमगाव परत यादीत घाला. रोज दोन खेपा. शेताच्या बांधाशी. श्रीमंतला माहीत आहे.

दादा, मागची खोली चालेल. खाट चालेल. ये.

माती वाळतेय. पाणी घाला. अजून थोडी हलते माझी म म म म म म म म म म म